जुने हार्वेस्टर एक्स्चेंजला द्यावे का? सोयाबीन, हरभरा आणि गहू या तीन हंगामांनंतरचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरमध्ये, ऐन सोयाबीनच्या सोंगणीत, माझ्या हार्वेस्टरच्या मळणीच्या ड्रमचे डाव्या बाजूचे बेअरिंग फुटले. दुरुस्तीची चौकशी करायला मी विक्रेत्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी बेअरिंगचा विषय बाजूला ठेवून नव्या यंत्राचे दरपत्रक पुढे केले. जुन्याचे साडेसहा लाख धरू, उरलेल्या रकमेचे कर्ज आम्हीच करून देऊ आणि गव्हाच्या आधी नवे यंत्र तुमच्या दारात उभे करू, असा त्यांचा प्रस्ताव होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेती यंत्रांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्यामुळे, करासह ३० लाखांना मिळणारे १४ फुटी यंत्र २८ लाख १२ हजार ५०० रुपयांना पडू लागले होते, आणि आमच्या कारंजा-मंगरुळपीर भागातील अनेक हार्वेस्टर मालकांच्या मनात त्या दिवसांत हाच एक विचार घोळत होता. मी तेव्हा लगेच होकार दिला नाही. तीन पिकांचे हंगाम जुन्या यंत्रावर काढले, माझ्या साडूंनी त्याच वर्षी घेतलेले नवे यंत्र त्याच्या शेजारी चालवून पाहिले, आणि त्यानंतर जे मत बनले ते येथे लिहीत आहे.

माझे यंत्र २०१३ सालचे आहे. पंजाबात बनलेले, १४ फुटी कटर, सहा सिलिंडरचे इंजिन, साधा यांत्रिक डिझेल पंप. अशी यंत्रे आपल्याकडे इतकी आहेत की बाकीचा तपशील सांगण्याची गरज नाही. सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे, आणि ती म्हणजे ड्रमची पुली. ड्रमची गती बदलण्यासाठी या यंत्रात दांडा नाही, पुली बदलावी लागते. गव्हासाठी लहान पुली आणि सोयाबीनसाठी मोठी अशा दोन पुल्या यंत्राबरोबर आल्या होत्या. मोठी पुली लावली तरी ड्रम मिनिटाला साडेपाचशेच्या आसपास फेरे घेत असे. काही वर्षांपूर्वी अकोल्याच्या एका लेथवाल्याकडून मी त्याहूनही मोठी पुली करवून घेतली. तिच्या मापाचा लांब पट्टा शोधून आणला आणि ड्रमची गती ४२० फेऱ्यांवर आणली. ही गती मी दर हंगामाच्या सुरुवातीला टॅकोमीटर लावून मोजतो, कारण पट्टा सैल झाला की ती बदलते.

एवढा खटाटोप कशासाठी, हे सोयाबीन पिकवणाऱ्यास सांगावे लागू नये. तरीही सांगतो, कारण हार्वेस्टर विकत घेणारे बहुतेक जण कटरची रुंदी आणि इंजिनाची अश्वशक्ती विचारतात, ड्रमची गती कोणी विचारत नाही. सोयाबीनच्या दाण्याचे साल अतिशय पातळ असते आणि अंकुर त्या सालाच्या लगेच खाली असतो. ६० सेंटीमीटर व्यासाच्या ड्रमची कडा ५४० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे १७ मीटर वेगाने दाण्यावर आपटते, तर ४२० फेऱ्यांना हा वेग १३ मीटरच्या थोडा वर राहतो. त्या फरकात दाण्याची डाळ होते की नाही हे तर ठरतेच, पण जो दाणा वरून अखंड दिसतो त्याच्या आत अंकुराला मार बसला आहे की नाही हेही ठरते. बियाण्यासाठी मळणी करताना दाण्यात १४ टक्के ओलावा असेल तर ४०० ते ५०० फेरे आणि १३ टक्के असेल तर ३०० ते ४०० फेरे ठेवावेत, असे कृषी विभागाचे लोक दरवर्षी सांगतात. हा सल्ला मळणी यंत्रासाठी दिला जातो, पण दाण्याला मार कोणत्या यंत्राचा बसला याने काही फरक पडत नाही. गहू काढणारा ड्रम घेऊन सोयाबीनच्या वावरात शिरणारे यंत्र शेतकऱ्याच्या पुढच्या वर्षीच्या पेरणीचेही नुकसान करून जाते.

आमच्या भागात निम्म्याहून अधिक शेतकरी घरचे बियाणे पेरतात. एकरी ३० किलो बियाणे लागते आणि उगवण किमान ७० टक्के असावी लागते. ती ६० टक्क्यांवर आली तर त्याच एकराला ३५ किलो टाकावे लागते, आणि त्याहून खाली गेली तर ते बियाणे घरात ठेवण्यात अर्थ नाही, ते बाजारात नेलेले बरे. म्हणून हार्वेस्टर कसे आहे, हे मी ओतलेल्या ढिगाकडे पाहून ठरवत नाही. मे महिन्यात ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या १०० दाण्यांपैकी किती उगवले यावर ठरवतो. माझ्या मते हार्वेस्टरचा खरा निकाल तोच आहे.

साडूंचे यंत्र नवे, वातानुकूलित केबिनचे आणि ड्रमला व्हेरिएटर असलेले आहे. चालकाच्या हाताशी दांडा आहे, तो फिरवला की ड्रमची गती कमीजास्त होते. माझ्याकडे पुली बदलायला दोन माणसे, पाने आणि अर्धी सकाळ लागते. त्यामुळे पहिल्यांदा तो दांडा पाहिला तेव्हा साडेसहा लाखांत जुने देऊन टाकावे असेच मला वाटले होते. परंतु टॅकोमीटर लावून पाहिले तेव्हा दांडा पूर्ण खाली आणूनही ड्रम ५४० च्या खाली येईना. यंत्राची रचनाच तशी आहे.

मग आम्ही रिसोडकडील साडूंच्या एका वावरात, एकाच वाणाचे, एकाच दिवशी पेरलेले सोयाबीन अर्धे माझ्या यंत्राने आणि अर्धे त्यांच्या यंत्राने काढले. गेल्या सप्टेंबरच्या अतिवृष्टीने शेंगा आधीच भिजून काळ्या पडल्या होत्या, त्यामुळे दोन्हीकडचे आकडे चांगल्या वर्षापेक्षा कमी येणार हे उघड होते. तुलना मात्र एकाच वावराची होती. भर दुपारी काढलेल्या मालाची मे महिन्यात चाचणी घेतली, तेव्हा माझ्या यंत्राच्या मालाची उगवण ७४ आली आणि नव्या यंत्राच्या मालाची ६३. ढिगात हात घालून पाहिले असता दोन्ही माल सारखेच दिसत होते. नव्या यंत्राचा माल तर अधिक स्वच्छ होता, कारण त्याचा पंखा आणि चाळणी माझ्यापेक्षा चांगली आहे. बाजार समितीत दोन्ही ढिगांना एकच भाव मिळाला असता.

इथे एक गोष्ट नोंदवली नाही तर नव्या यंत्रावर अन्याय होईल. त्याच वावराचा एक पट्टा साडूंनी सकाळी, दाण्यात साधारण १५ टक्के ओलावा असताना काढला होता, आणि तो माल ताडपत्रीवर सावलीत वाळवून वेगळा ठेवला होता. त्याची उगवण ७१ आली. दाणा ओलसर असला की तो मार सोसतो, भर दुपारी कडक वाळला की तडकतो. म्हणजे ५४० फेऱ्यांच्या यंत्रानेही बियाणे धरता येते, फक्त वेळ साधावी लागते. हे पाहिल्यावर नव्या यंत्राविषयीचे माझे मत बरेच सौम्य झाले. पण भाड्याने फिरणाऱ्या हार्वेस्टरला ही वेळ साधणे कठीण असते. ऑक्टोबरात ढग आले की दहा शेतकरी एकाच वेळी फोन करतात, आणि कोणाचे वावर सकाळी लागेल व कोणाचे दुपारी हे यंत्रमालकाच्या हाती राहत नाही. गती कमी ठेवण्याची सोय यंत्रातच असेल तर प्रत्येकाचे बियाणे वाचते.

कमी गतीचा तोटाही सांगायला हवा. ४२० फेऱ्यांवर दव असलेल्या शेंगा पूर्ण फुटत नाहीत. ड्रम आणि त्याखालची जाळी यांतले अंतर कमी करूनही काही शेंगा कुटारात जातात, आणि म्हणून सकाळी ऊन चांगले चढल्याशिवाय मी यंत्र वावरात घालत नाही. दिवसाकाठी काही एकर कमी होतात. ज्यांना माल थेट बाजारात न्यायचा आहे त्यांच्याकडे मी कंपनीची पुलीच लावतो, आणि बियाण्याची वावरे एकत्र करून एका टप्प्यात काढतो. आणखी एक बाब चालकांनी ध्यानात ठेवावी: टाकी रिकामी करताना ऑगर (दाणे बाहेर ढकलणारा मळसूत्री दांडा) अर्धवट भरलेला फिरला की त्यातही दाणा रगडला जातो, म्हणून टाकी थोडी थोडी रिकामी न करता पूर्ण भरू द्यावी.

साडूंनी विक्रेत्याकडे मोठ्या पुलीची किंवा गती उतरवणाऱ्या संचाची मागणी केली. आधी सांगितले की असा संच येतो. मग सांगितले की मागवावा लागेल. सोंगणी संपल्यावर सांगितले की असा संच त्या मॉडेलला नाही, आणि बाहेरून करवून घेतल्यास वॉरंटी संपेल. यंत्र विकताना ‘सर्व पिकांसाठी’ असे सांगायचे आणि विदर्भातील मुख्य खरीप पिकाला लागणारी गती द्यायची नाही, याचा मला मनापासून राग आहे. वाशीम, अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा या जिल्ह्यांत हार्वेस्टर विकायचे असेल तर सोयाबीनच्या ड्रमचा विचार यंत्र विकण्याआधी व्हायला हवा, ग्राहकाने तक्रार केल्यावर नव्हे.

त्याच सुमारास साडूंच्या यंत्राच्या इंजिनाने शक्ती कमी करून घेतली आणि समोरच्या पटलावर इशारा लागला. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या शेती इंजिनांना ट्रेम-४ चे प्रदूषण मानक लागू झाले, आणि त्याबरोबर सेन्सर, इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आणि उच्च दाबाचे डिझेल इंजेक्शन आले. धूर कमी झाला ही चांगली गोष्ट आहे, आणि डिझेलही एकरी अर्धा लिटर तरी कमी लागते. परंतु बिघाड काय आहे हे कळण्यासाठी लॅपटॉप घेऊन येणारा माणूस लागतो, आणि तो येईपर्यंत यंत्र धुऱ्यावर उभे राहते. शेवटी एका सेन्सरची जोडणी ढिली निघाली. माझ्या इंजिनाचा पंप कारंज्यातच खोलून, बसवून मिळतो. बेअरिंगच्या वेळीही तसेच झाले: विक्रेत्याच्या कार्यशाळेत ‘मागवावे लागेल’ असे उत्तर मिळाले, आणि बेअरिंगवरचा क्रमांक लिहून नेल्यावर अकोल्याच्या बाजारात ते लगेच मिळाले. शाफ्ट थोडा झिजला होता, तो भरून लेथवर उतरवून घेतला आणि त्याच आठवड्यात यंत्र पुन्हा वावरात गेले.

हरभऱ्यात मात्र नवे यंत्र सरस ठरले, आणि ते थोडक्यात नव्हे. जॅकी ९२१८ सारख्या निमपसरट वाणात खालच्या शेंगा जमिनीपासून फार वर नसतात. कटर बार किती खाली धरता येतो आणि चढउतार आला की हेडर (कापणीचा पुढचा भाग) किती चटकन वर उचलता येतो, यावर नुकसान ठरते. साडूंच्या यंत्राचे हायड्रॉलिक हाताला लगेच प्रतिसाद देते आणि केबिनमधून कटरची दोन्ही टोके दिसतात. माझ्या यंत्राचा हेडर तेल गरम झाले की आपोआप खाली सरकत असे, त्यामुळे चालक भीतीपोटी तो उंच धरायचा आणि खालच्या शेंगा वावरातच राहायच्या. सिलिंडरचे सील बदलल्यावर हा दोष गेला, तरी नव्याची चपळाई त्यात आली नाही. पीडीकेव्ही कनक किंवा फुले विक्रम यांसारखे उंच वाढणारे, यंत्राने काढण्याजोगे वाण ज्यांनी पेरले होते त्यांच्या वावरात दोन्ही यंत्रांत मला फरक दिसला नाही. हरभऱ्यासाठी हार्वेस्टर लावणाऱ्यांनी वाण निवडतानाच याचा विचार केला, तर अर्धे नुकसान पेरणीच्या दिवशीच टळते.

गव्हाच्या हंगामात माझे मत आणखी एकदा हलले, आणि या वेळी कारण ड्रम नव्हता, माणूस होता. माझ्याकडे अनेक वर्षांपासून पंजाबातील संगरूर जिल्ह्यातून येणारे एक चालक आहेत. त्यांनी मार्चच्या मध्यावर स्पष्ट सांगितले की पुढच्या वर्षी केबिन नसलेल्या यंत्रावर ते बसणार नाहीत. त्यांचे म्हणणे पूर्ण रास्त आहे. मार्च-एप्रिलच्या विदर्भातील उन्हात, गव्हाच्या भुसकटात आणि इंजिनाच्या गरम हवेत दिवसभर बसणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांचे काय होते हे मी पाहिले आहे. त्यांचा खोकला एप्रिलअखेरपर्यंत थांबत नाही. चांगले चालक आता केबिनची यंत्रे निवडून घेतात, आणि चांगला चालक नसेल तर माझी ४२० फेऱ्यांची पुली काही कामाची नाही, कारण जाळी, पंखा आणि चाळणी यांचा मेळ त्यालाच घालावा लागतो. जुने यंत्र ठेवायचे की नाही हा प्रश्न मी तोवर दुरुस्ती आणि कर्ज यांच्यापुरताच पाहत होतो. त्या दिवसापासून चालकाचे आरोग्य हिशेबात धरावे लागले. एक्स्चेंजच्या बाजूने मला पटलेला सर्वांत वजनदार मुद्दा हाच आहे.

आता पैशाचे बोलतो. २८ लाखांत साडेसहा लाख जुन्याचे वजा केले तर साडेएकवीस लाख उरतात. त्यातले दीड लाख रोख भरले तरी २० लाखांचे कर्ज होते, आणि १२ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याजच दोन लाखांच्या वर जाते. मुद्दल वेगळे. माझ्या जुन्या यंत्राला बेअरिंग, शाफ्ट, सील, पट्टे, कटरची पाती आणि दोन टायर धरून या वर्षी साधारण एक लाख ८० हजार खर्च आला. म्हणजे वाईट वर्षाची पूर्ण दुरुस्तीसुद्धा नव्याच्या व्याजापेक्षा कमी आहे. डिझेलमधील बचत ६०० एकरांवर अर्धा लिटर धरली तर ३०० लिटर होते, म्हणजे २७ हजारांच्या आसपास. त्याने व्याजाचा आठवा हिस्साही फिटत नाही. वर्षाला हजार-बाराशे एकर काढणारा, यंत्र मध्य प्रदेशात आणि तेलंगणात फिरवणारा मालक असेल तर गणित वेगळे निघेल, आणि त्याने नवेच घ्यावे. तालुक्याच्या आत फिरणाऱ्या, स्वतःची शेती सांभाळून भाडे करणाऱ्या माझ्यासारख्याला हे कर्ज जड जाते. पाऊस ऑक्टोबरात थांबला नाही, काळ्या जमिनीत चाके फसू लागली आणि अर्धी सोंगणी मजुरांकडे गेली, तरी सहामाही हप्ता थांबत नाही.

साडेसहा लाखांच्या आकड्याविषयीही लिहिणे आवश्यक आहे. यंत्राची तपासणी करताना विक्रेत्याच्या माणसाने केबिन नसणे, टायर आणि पट्टे यांचे पैसे कापले, ते मला मान्य आहे. पण लेथवर करवून घेतलेली पुली ‘मूळ नसलेला भाग’ म्हणून तिचेही पैसे कापले. या यंत्रात जी गोष्ट शेतकऱ्यांना सर्वांत उपयोगी आहे, जिच्यामुळे बियाणे राखणारे लोक दुसरे यंत्र वावराशेजारी उभे असताना माझी वाट पाहतात, ती तिथे वजाबाकीत गेली. बाहेरच्या एका खरेदीदाराने हेच यंत्र पाहून रोखीत आठ लाखांपर्यंत तयारी दाखवली. तेव्हा कोणीही एक्स्चेंजचा आकडा स्वीकारण्यापूर्वी यंत्र उघड्या बाजारात दाखवावे. नव्यावरची सवलत आणि जुन्याची किंमत हे दोन आकडे वेगवेगळे लिहून मागावेत. दोन्ही एकत्र करून सांगितले की नेमके काय मिळाले ते कळत नाही.

या सगळ्यानंतर मी या वर्षी एक्स्चेंज न करण्याचे ठरवले आहे. न भरलेल्या रोख रकमेतून केबिन बसवून घेत आहे. ती वातानुकूलित असावी ही चालकाची अट मी मान्य केली आहे. त्यासाठी इंजिनावर वेगळा कॉम्प्रेसर बसवावा लागतो आणि ते काम नागपूरला होते. यंत्राची नोंदणी २०२८ पर्यंत आहे. त्यानंतर नूतनीकरणासाठी तपासणी होईल, आणि तेव्हा इंजिन मोठा खर्च मागत असेल तर यंत्र विकणे भाग पडेल. तोपर्यंतच्या हंगामांसाठी नवे रास्प बार (ड्रमवरील मळणीच्या पट्ट्या) आणि जाळी घेतली आहे, कारण झिजलेल्या बारने गती कमी ठेवूनही दाणा नीट सुटत नाही आणि मग चालक नाइलाजाने जाळी आवळतो.

विक्रेत्याला मात्र दार बंद केलेले नाही. त्यांना लेखी कळवले आहे की ४०० ते ४५० फेऱ्यांवर चालणारा सोयाबीनचा ड्रम संच वॉरंटीसह देत असाल, आणि तो बसवलेले यंत्र आमच्या वावरात चालवून, त्या मालाची उगवण आमच्यासमोर तपासू देत असाल, तर पुढच्या वर्षी याच साडेसहा लाखांत मी जुने यंत्र द्यायला तयार आहे. साडूंनीही त्या पत्रावर सही केली आहे, आणि त्यांची मागणी तर विकत घेतलेल्या यंत्रासाठीच आहे. पत्राची पोच मिळाली आहे, उत्तर अजून आलेले नाही. ज्यांच्याकडे अशीच नवी यंत्रे आहेत त्यांनी सोयाबीनच्या आधी टॅकोमीटर लावून दांडा सर्वांत खाली असतानाचे फेरे मोजावेत आणि आपापल्या विक्रेत्याकडे हीच मागणी लेखी नोंदवावी. एकट्या-दुकट्याच्या पत्राने कारखान्यात पुली बदलणार नाही.